जरा हात फिरवा, चुडामणभाऊ

माझ्या दाजींना धुळ्यात निम्मे लोक कलाकार म्हणतात. मी म्हणत नाही. मी त्यांची धाकटी मेव्हणी, सुनंदा. लग्न होऊन भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात गेले तरी माझं अर्धं मन धुळ्यातच राहिलं, कारण माझी थोरली बहीण कुंदाअक्का तिथे दिली होती. या माणसाने माझ्या बहिणीच्या तोंडावर जन्मभर काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. आधी ऐकून घ्या, मग कलाकार म्हणायचं की आणखी काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

दाजी, म्हणजे चुडामणभाऊ, मूळचे पारोळ्याकडचे. शेतात मन रमेना म्हणून धुळ्याला आले आणि मोतीलाल शेठच्या फोटो स्टुडिओत लागले. तिथे त्यांना काम मिळालं टचिंगचं. आताच्या पोरांना टचिंग म्हणजे मोबाईलवर बोट घासणं वाटतं. तेव्हा तसं नव्हतं हो. स्टुडिओतला कॅमेरा म्हणजे दोन भिंगांचा डबा, वरचं भिंग बघायला आणि खालचं फोटो घ्यायला. डबा पोटाशी धरायचा आणि विहिरीत डोकावल्यासारखं वरून काचेत बघायचं. त्या काचेत डावं उजवीकडे दिसायचं आणि उजवं डावीकडे. रोल रुंद असायचा, एका रोलमध्ये बारा फोटो, आणि एकेक निगेटिव्ह चांगली खाऱ्या बिस्किटाएवढी चौकोनी. एवढी मोठी होती म्हणून तर तिच्यावर हाताने काम करता यायचं. पुढे छोटे रोल आले, त्यांची निगेटिव्ह टपालाच्या तिकिटाएवढी. तिच्यावर पेन्सिल काय चालवणार, डोंबल!

दाजींचं टेबल खिडकीशी असायचं. टेबलावर उतरती लाकडी चौकट, चौकटीत दुधी काच, खाली आरसा. खिडकीचा उजेड आरशावर पडून काचेतून वर यायचा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, कापसाच्या बोळ्याने तिच्यावर चिकट वार्निश पुसायचं म्हणजे पेन्सिल धरते, आणि भिंग डोळ्याला लावून बसायचं. पेन्सिलचं टोक काचकागदावर घासून सुईसारखं केलेलं. निगेटिव्हमध्ये सगळा कारभार उलटा. फोटोत जो डाग काळा दिसणार तो इथे पांढरा, म्हणून तो पेन्सिलने भरायचा. फोटोत जे पांढरं चकाकणार ते इथे काळं, म्हणून ते ब्लेडच्या तुकड्याने अलगद खरडायचं. दाजी मला सांगायचे, "सुनंदा, पेन्सिल चुकली तर टर्पेंटाईनने पुसता येते. ब्लेड चुकलं तर देवालाही पुसता येत नाही." तेव्हा मला ही त्यांची फुशारकी वाटायची.

गिऱ्हाईक फोटो काढून उठलं की दाराशी थबकायचं आणि हळूच म्हणायचं, "चुडामणभाऊ, जरा हात फिरवा." टचिंग हा शब्द कोणी वापरत नसे, सगळे हात फिरवा म्हणायचे. तोंडावरची मुरुमं, डोळ्याखालची काळजी, म्हाताऱ्याच्या सुरकुत्या, कशाकशावर म्हणून त्यांचा हात फिरला त्याची गणती नाही. मुलगी दाखवायच्या फोटोवर तर फिरायचाच.

आमच्या अक्काला लहानपणी देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण तोंडभर वण राहिले. गालांवर, नाकावर, कपाळावर, सगळीकडे बारीक बारीक खळगे. आम्हा घरच्यांना ते दिसतच नसत. मला तर लहानपणी मोठ्या बहिणीचं तोंड असंच असतं असं वाटायचं. मग शिरपूरकडचं स्थळ आलं आणि त्यांनी आधी फोटो मागितला. आमचे वडील, कौतिकआबा, अक्काला घेऊन धुळ्याला मोतीलाल शेठकडे गेले. फोटो झाला, आणि आबाच दाराशी थांबून म्हणाले, "भाऊ, जरा हात फिरवा."

दाजींनी तो असा फिरवला की एक म्हणून वण शिल्लक राहिला नाही. फोटो शिरपूरला गेला, पसंत पडला, पाहुणे गाडी करून बघायला आले. अक्का पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. नवऱ्यामुलाच्या आईने हातातला फोटो बघितला, अक्काकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला, आणि सगळ्यांच्या देखत अहिराणीत विचारलं, "फोटोमानी पोर कोठे शे?"

अक्का बशा तशाच घेऊन आत आली. मी चुलीजवळ बसले होते. तिने बशा खाली ठेवल्या. पाहुणे पोहे न खाताच गेले. ते वाक्य मात्र आमच्या घरातून कधी गेलं नाही. अक्काने ते जन्मभर जपून ठेवलं.

आबा दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन स्टुडिओत गेले आणि चुडामणभाऊंना नाही नाही ते बोलले. हात फिरवायला आपणच सांगितलं होतं हे आबा विसरले. दाजींनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. आणि थोड्या दिवसांनी आपल्या तोतारामकाकांना घेऊन अक्काला मागणी घालायला आमच्या ओट्यावर हजर! दाजी आमच्याच समाजातले, एकटे, पोटापुरतं कमावणारे. आबांनी तिरसटपणे विचारलं, "आधी मुलगी पाहायची नाही का? पुन्हा बोंब नको." दाजी म्हणाले, "मी तिले दखेल शे, आबा. तिना एकेक वण भिंगखाले दखेल शे."

तुम्हाला सांगते, एवढ्या एका वाक्यावर माझी बहीण भाळली. दारामागे उभी होती, माझा हात तिने इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या. वण बघून पळालेला माणूस तिला माहीत होता. वण बघून आलेला माणूस तिने पहिल्यांदाच बघितला.

लग्न झालं. लग्नाचा फोटो खुद्द मोतीलाल शेठने काढला, टचिंग अर्थातच दाजींचं. फोटो घरी आला, अक्काने तो हातात घेतला आणि विचारलं, "हाई कोन शे?" नवरदेवाशेजारी एक गुळगुळीत, देखणी, अनोळखी बाई उभी होती. दाजी कौतुकाने बघत होते की बायको आता खूश होईल. अहो, तिच्या डोळ्यांना पाणी आलं ते यांना आनंदाचं वाटलं! पुरुषांना काय म्हणावं?

पुढे कॅमेराही दाजींच्याच हातात आला, तरी तेच. भूपेंद्र झाला तेव्हाचा फोटो, वास्तुशांतीचा फोटो, सप्तशृंगीला गेले तेव्हाचा फोटो. सगळ्या फोटोंत तीच दुसरी बाई. अक्का भांडली, रुसली, एकदा तर फोटो चुलीत टाकला. दाजींचं उत्तर ठरलेलं, "अगं, मायेने करतो." मायेनेच करत असतील, मी नाही म्हणत नाही. पण तिला त्यातून एवढंच कळायचं की यांनाही मी अशी नको आहे. ती हसत हसत त्यांना टोचायची, "कागदवर इतला हात फिरावतस, कधी मना तोंडवर फिरावशात का?" दाजी लाजून स्टुडिओत पळायचे. तसे भित्रेच ते.

मग ते शेतीखात्याचं काम आलं. पिकांवरच्या रोगांचे फोटो हवे होते, अगदी जवळून, शेतकऱ्यांना दाखवायला. दाजींनी दोन्ही भिंगांवर बसणारी जवळच्या फोटोची जोड-काच मिळवली. त्या कॅमेऱ्याची एक खोड अशी की वरचं भिंग बघतं आणि खालचं फोटो घेतं. लांबून काही फरक पडत नाही, पण वीतभर अंतरावरून घेतला तर जे बघितलं ते सुटतं आणि त्याच्या खालचं येतं. त्यावर दाजींनी दोन भिंगांमधल्या अंतराएवढा एक लाकडी ठोकळा तासून घेतला. आधी वरच्या भिंगातून अळी नीट बघायची, मग कॅमेऱ्याखाली ठोकळा सरकवायचा, म्हणजे खालचं भिंग बरोबर वरच्याच्या जागी येतं. रावेर-यावलकडे जाऊन त्यांनी केळीच्या पानावरचा करपा काढला, इकडे कपाशीची बोंडअळी काढली. अळीच्या अंगावरचा केस न् केस दिसायचा. साहेबांनी बजावलं होतं, रोगाचे डाग जसेच्या तसे हवेत, हात लावायचा नाही.

एका दिवाळीला मी गेले होते तेव्हा ते फोटो घरभर वाळत घातले होते. अक्का एका पानाच्या फोटोसमोर कितीतरी वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "पानवरना डाग संभाळतस, आनि मना पुसतस. पानपेक्षा बी गयी का मी?" तेव्हा ती हसत नव्हती. दाजींनी भिंग पुसायला घेतलं आणि पुसतच राहिले.

वर्षं गेली. मोतीलाल शेठ गेले, स्टुडिओच्या जागी कपड्यांचं दुकान आलं. भूपेंद्रने देवपुरात कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम करायचं दुकान टाकलं. दाजींचं टेबल घरातल्या खिडकीशी आलं आणि त्यावर वर्तमानपत्रं साठायला लागली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं नको म्हणाले. हातही कापायला लागला.

अक्काच्या छातीत पाणी व्हायला लागलं ते गेल्या वर्षी. दवाखान्याच्या चकरा झाल्या, डॉक्टरांनी भूपेंद्रला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. अक्का काही खुळी नव्हती, तिला कळलं. मी भेटायला गेले तेव्हा तिने दाजींना समोर बसवलं आणि माझ्या देखत सांगितलं, "मी गेल्यावर भिंतीवर माझा फोटो लावाल. तो माझा लावा. त्या दुसरीला हार घातलेला मला चालणार नाही. लोक भेटायला येतील आणि पुन्हा विचारतील, फोटोमानी पोर कोठे शे."

दाजी म्हणाले, "लावतो." मी म्हटलं, "तसं नाही. शब्द द्या." त्यांनी अक्काच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

पण खरा फोटो आणायचा कुठून? जुने सगळे पुसलेले. आधार कार्डावर होती म्हणायला, पण त्या फोटोत माणूस स्वतःलाही ओळखत नाही. भूपेंद्रच्या बायकोने, चारुलताने, मोबाईलवर काढून बघितला. त्यात अक्काचे गाल लोण्यासारखे! मोबाईल आपला आपणच तोंड साफ करतो म्हणे. अक्का खोकता खोकता हसली, "हाऊ मोबाईल बी तुमनाच चेला निंघना." चारुलता म्हणाली, ते बंद करता येतं. पण दाजी इरेला पेटले. म्हणाले, "नको, मीच काढतो. माझ्या कॅमेऱ्याने काढतो, आणि पेन्सिल हातात धरत नाही."

मुंबईहून रोल मागवला. मी त्या दिवशी तिथेच होते. सकाळचं ऊन गॅलरीत आलं होतं. अक्काला खुर्चीवर बसवलं, उशीचा टेकू दिला. नेहमीचंच सुती पातळ, पावडर नाही, काही नाही. उजेड एका बाजूने हवा म्हणाले, म्हणजे खळगे उठून दिसतात. जन्मभर या माणसाने खळगे दिसू नयेत म्हणून उजेड समोरून टाकला होता. अक्का म्हणाली, "ब्लेड कोठे शे?" दाजींनी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. आम्ही तिघंही हसलो.

मग ते काचेत डोकावले. डोळा साथ देईना. अक्का दमून डावीकडे कलली की काचेत ती उजवीकडे जायची, आणि ज्या माणसाने उभा जन्म त्या उलट्या काचेत काढला तो आता गोंधळून कॅमेरा भलतीकडे वळवायचा. हात हलायचा. मधेच अक्काला दम लागायचा, थांबावं लागायचं. तरी बारा फोटो झाले. न्हाणीघरात काळ्या कापडाच्या पिशवीत हात घालून त्यांनी रोल डब्यात भरला, औषधांत धुतला, दोरीवर वाळत घातला. बारांतले अकरा हललेले किंवा पुसट. एक मात्र लख्ख आला.

ती एक निगेटिव्ह त्यांनी खिडकीशी धरून अक्काला दाखवली. काळं तोंड, पांढरे डोळे, तिला काय कळणार? ती म्हणाली, "भूत शे का?" मग हळूच विचारलं, "वण दिसतस का?"

"बठ्ठा दिसतस, एकूनएक," दाजी म्हणाले.

अक्काने डोळे मिटले आणि मान हलवली. इतकी निवांत मी तिला फार वर्षांनी बघत होते. मी भुसावळला परतले, आणि फोटो कागदावर यायच्या आधीच ती गेली.

अंत्यविधी झाला, मी घरी जाऊन गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, कार्यक्रमाला पुन्हा धुळ्याला आले. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि समोर फ्लेक्स दिसला. भावपूर्ण श्रद्धांजली, कुंदाबाई. उशीचा टेकू तोच, पातळ तेच, गॅलरीतलं ऊन तेच. आणि गाल गुळगुळीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पिशवी दारातच टाकली. आधी भूपेंद्रला धरलं. तो बिचारा गोंधळला, "काय झालं मावशी? पप्पांनी निगेटिव्ह दिली, मी स्कॅन केली. मी काहीच केलं नाही. चांगला आला आहे ना?" त्याला काय बोलणार? त्याने जन्मापासून फोटोतली आई अशीच बघितली होती.

दाजी खिडकीशी त्यांच्या टेबलापाशी बसले होते. वर्तमानपत्रं काढून टाकलेली, चौकट उभी केलेली. मी म्हटलं, "दाजी, तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता तुम्ही. लाज नाही वाटली? मेल्यावर तरी तिला तिचं तोंड ठेवायचं!" आणखीही पुष्कळ बोलले. आबा बोलले होते त्याहून वाईट बोलले. आणि तसेच ते खाली मान घालून ऐकत राहिले.

मग म्हणाले, "नुसतं बघायला बसलो होतो गं. घरात ती नव्हती. म्हटलं, जरा बघू तरी. भिंग लावलं. पण हातात पेन्सिल असल्याशिवाय मला निगेटिव्ह बघताच येत नाही. एक वण भरला. वाटलं, तिच्या तोंडावर हात फिरतो आहे. मग दुसरा भरला. मला थांबताच येईना, सुनंदा. ती असताना कधी फिरवला नाही ना."

हे ऐकून माझा राग जायला हवा होता. नाही गेला. मी म्हटलं, "पुसा. पेन्सिल पुसते ना? आत्ताच्या आत्ता पुसा."

ते उठले, टर्पेंटाईनची बाटली आणली, कापसाचा बोळा भिजवला. मी, भूपेंद्र आणि चारुलता उभे राहून बघत होतो. बोळा फिरला तशी राखाडी घाण कापसावर आली, एकदा, दोनदा. दाजींनी निगेटिव्ह उजेडात धरली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. म्हणाले, "मी ब्लेडही लावलं होतं. वरून पेन्सिल फिरली त्यात ते झाकलं गेलं, विसरलो होतो."

भूपेंद्रने दुकानात नेऊन पुन्हा स्कॅन केली, कागदावर मोठा फोटो काढून आणला. वण परत आले होते. गालांवरचे, नाकावरचे, कपाळावरचे, सगळे. माझी अक्का होती ती, अगदी समोर बसल्यासारखी. मला रडूच फुटलं. आणि तिच्या डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, एक काळा, वाकडा ओरखडा. उन्हाचा कवडसा तिथे जास्त चकाकत होता, म्हणून दाजी खरडायला गेले होते. डोळ्याला दिसलं नाही, हात हलला, ब्लेड आरपार गेलं.

भूपेंद्र म्हणाला, "पप्पा, एवढंच ना? कॉम्प्युटरवर एका मिनिटात काढतो. कोणाला कळणारही नाही."

"हात लावू नको," दाजी म्हणाले. त्यांचा इतका चढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तोच फोटो चौकटीत गेला. गल्लीतला फ्लेक्स मीच भूपेंद्रला उतरवायला लावला. दुसऱ्या दिवशी गंधमुक्तीला माणसं आली, फुलं वाहत होती, फोटोकडे बघून चुळबुळत होती. दाजी फोटोशेजारी सतरंजीवर बसले होते. पाचव्या गल्लीतली प्रमिलाबाई आली, अक्काची जुनी मैत्रीण. तिने हात जोडले, फोटो निरखला आणि न राहवून दाजींच्या कानाशी वाकून म्हणाली, "चुडामणभाऊ, एवढे मोठे कलाकार तुम्ही. घरच्याच फोटोवर जरा हात नाही फिरवला?"

"फिरायेल शे ना," दाजी म्हणाले. बोट त्यांनी त्या काळ्या ओरखड्याजवळ नेलं. "बठ्ठा वण तिना शेतस. हाऊ एक मना शे."

प्रमिलाबाईला काही कळलं नाही. ती पंगतीकडे गेली. मला आत वाढायला बोलावत होते, पण मी उठले नाही. दाजींच्या शेजारी तिथेच बसून राहिले.